पायाचा ब्रेक

तुर्भ्याच्या एका कारखान्यात प्रेसखाली उजवं पाऊल गेलं तेव्हा शिरवण्याचा देवजी बेचाळीस वर्षांचा होता. सोळा वर्षं त्यानं तिथं फिटरचं काम केलं होतं. कंपनीनं नकली पाय बसवून दिला, हार घातला आणि घरी पाठवलं. तेव्हापासून तो ओट्यावर बसून असे. बायको सखू पहाटे मासळी आणून नेरुळच्या बाजारात विकायला बसे. थोरला भाऊ भगवान रेती-विटांचा पुरवठा करायचा. टोलेजंग इमारती उठत होत्या, त्याचा धंदा जोरात होता. घर एकच, चुली दोन.

घरामागे ताडपत्रीखाली बापाची तीनचाकी पडून होती. जुनी अमेरिकन मोटरसायकल, पण मागे दोन चाकं आणि त्यांवर पत्र्याची मोठी पेटी. बापानं ती एका बर्फाच्या कारखान्याकडून घेतली होती आणि आयुष्यभर तिच्यातून मासळी वाहिली होती. तो गेल्यावर कागदपत्रं थोरल्याच्या नावावर झाली. गाडीला मात्र कुणी हात लावला नव्हता. एक्क्याण्णव साली एकदा देवजीनं विचारलं, खोलून बघू का. भगवान हसला. म्हणाला, "बघ. भंगारवाला पन नेत नाय तिला."

देवजीनं तेवढ्यावर गाडी आपली मानली.

इंजिन महिनाभरात बोलायला लागलं. खरं दुखणं ब्रेकचं होतं. तिन्ही चाकांचा ब्रेक तेलाच्या दाबावर चालणारा. पेडल दाबलं की मुख्य सिलिंडरातलं तेल नळ्यांतून चाकांपर्यंत जाई आणि तिथले दट्टे पट्ट्यांना ढकलत. पण खाडीच्या खाऱ्या हवेत वीस वर्षांत तेलात पाणी शिरलं होतं. सिलिंडर आतून देवी आल्यासारखे खड्ड्याखड्ड्यांचे झाले होते, दट्टे जाम, रबरं बोटांनी दाबली की भुगा व्हायची. देवजीनं एकेक सिलिंडर लेथवाल्याकडे नेऊन आतून कापून घेतला, पितळेची नळी बसवली, ती आरशासारखी होईस्तोवर घोटली. तसल्या मापाची रबरं कुठं मिळेनात. कुर्ल्याच्या जुन्या बाजारात चार खेपा घातल्यावर जीपचा एक संच जुळला. नळ्या नव्या वाकवल्या. या सगळ्यात सात महिने गेले.

मग मुख्य अडचण आली. ब्रेकचं पेडल उजव्या पायाचं. नकली पायानं त्याला किक मारता यायची, पण पेडल किती दाबलं ते कळायचं नाही. पावलाला जाणीवच नाही, त्यामुळं एक तर ब्रेक लागायचाच नाही, नाहीतर चाकं जाम व्हायची. एकदा अंगणातच गाडी कुंपणात घुसली. सखूनं मासळीच्या पाट्या खाली ठेवल्या आणि रडू लागली. देवजीनं पेडल काढून टाकलं. टाकीच्या उजव्या बाजूला मांडीजवळ एक लांब दांडा बसवला आणि तो मुख्य सिलिंडरच्या दट्ट्याला जोडला. दांडा ओढला की हाताला दाब कळायचा. तेलातली हवा काढताना तो चाकाशी वाकून पेच सैल करी, सखू सीटवर बसून दांडा ओढे. शेवटचा बुडबुडा गेला आणि दांडा दगडासारखा घट्ट झाला.

पुढचे आठ महिने देवजी माणसात आला. पहाटे सखूच्या पाट्या पेटीत घालून तो तिला बाजारात सोडी, हायवेच्या पुलाचा उतार एका हातानं गाडी आवरत उतरे. येताना कुणाचा गॅसचा सिलिंडर, कुणाचं कपाट आणी. ओट्यावर तो दिसेनासा झाला.

बाजाराबाहेरच मुंबईच्या एका शौकीन गृहस्थानं गाडी पाहिली. जुन्या गाड्या गोळा करणारा माणूस. त्यानं मालकाचं नाव विचारलं. देवजी म्हणाला, विकायची नाही. गृहस्थानं नंबरावरून मालक शोधला आणि पुढच्या रविवारी भगवानच्या पडवीत बसून चहा घेतला.

संध्याकाळी भगवान मागच्या दारी आला. गाडी दिली म्हणाला. पोरीचं लग्न आहे, घरावर मजला चढवायचा आहे, असं बरंच बोलला. देवजी ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "दादा, तू बोल्लास, भंगारवाला पन नेत नाय."

"तवा नेत नव्हता," भगवान म्हणाला. "कागद माज्या नावाव हाय, देवजी. मी काय चोरी केली?"

आणि जाता जाता त्यानं खरं काम सांगितलं. गृहस्थाला गाडी मूळ होती तशी हवी होती. दांडा काढून पायाचं पेडल परत बसवायचं होतं. दुसऱ्या कुणाला ते जमणार नव्हतं.

सखू म्हणाली, नका करू. देवजीनं दोन दिवस नेहमीसारख्या तिच्या पाट्या बाजारात पोचवल्या. तिसऱ्या दिवशी त्यानं पाने काढले. आपल्या हातानं लावलेला दांडा काढला, ज्यावर त्याचा पाय कधी चालणार नव्हता ते पेडल साफ करून बसवलं. हवा काढायला सखू आली नाही. मग भगवानच सीटवर बसला. देवजी चाकाशी वाकून सांगत होता, दाब, धर, सोड; आणि थोरला भाऊ निमूट दाबत, धरत, सोडत होता. नळीतून बाटलीत बुडबुडे येत होते. एक बुडबुडा आत राहू दिला असता तर पुलाच्या उतारावर पेडल तळाला गेलं असतं. हा विचार देवजीच्या मनात आला आणि बराच वेळ तिथंच थांबला. पण हातांनी ऐकलं नाही. त्यांनी शेवटचा बुडबुडाही काढला आणि पेच आवळला. हा चांगुलपणा नव्हता. सोळा वर्षांत चुकीचं काम करायला ते शिकलेच नव्हते, आणि त्या दिवशी देवजीला आपल्याच हातांचा राग आला.

गृहस्थानं रस्त्यावर गाडी फिरवली, दोनदा कचकन थांबवून पाहिली. "मेकॅनिक चांगला आहे तुमचा," तो भगवानला म्हणाला.

"हां," भगवान म्हणाला, "गावातलाच हाय."

देवजी चार पावलांवर हात पुसत उभा होता.

भगवाननं वरचा मजला बांधला. देवजीला नेरुळच्या एका सोसायटीच्या फाटकावर बसायचं काम मिळालं. सखू पुन्हा रिक्षावाल्यांशी पाट्यांवरून हुज्जत घालू लागली. पुढं भगवाननं दोन टेम्पो घेतले. त्यांचा ब्रेक उतरला की तो माणूस धाडून देवजीला बोलवी. देवजी जाई. वाकून काम करी, हवा काढी, पेडल स्वतः हातानं दाबून पाही. वहिनी तांब्या-भांडं आणून ठेवी. तो तिथलं पाणी घेत नसे.