जुलै तिचा, ऑगस्ट माझा

सिएरा पर्वतात उन्हाळ्याची ट्रिप ठरवताना एक गोष्ट आधी माहीत असावी लागते, आणि तीच मी बायकोला बरीच वर्षं सांगितली नाही. फुलं आणि मासे एका वेळेला मिळत नाहीत. बर्फ वितळतो तेव्हा कुरणं फुलतात. पण त्याच पाण्याने ओढे इतके फुगलेले असतात, की गळ टाकण्यात अर्थ नसतो. ओढे निवळून ट्राउट मासे पृष्ठभागाशी यायला लागतात, तोवर फुलं संपलेली असतात. थोडक्यात, जुलै तिचा, ऑगस्ट माझा.

दर वर्षी थंडी सरली की सनीव्हेलच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये मी लॅपटॉपवर ट्रेलचं परमिट काढायला बसायचो. तारखा मी ठरवायचो, बाकीचं सगळं ती.

"फुलं असतील ना रे तेव्हा?"

"यंदा बर्फ खूप झालाय. सगळंच लेट आहे."

स्क्रीनवरची नजर न काढता मी हे म्हणायचो. एखाद्या वर्षी बर्फ खरंच जास्त असायचा. बहुतेक वेळा नसायचा.

मग ऑगस्टमध्ये पाठीवर सॅक घेऊन दिवसभर चालायचं, तळ्याकाठी तंबू ठोकायचा, आणि मी गुडघाभर पाण्यात. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा पाण्यावर अलगद टेकवायचा, मासा फसला की ओल्या हाताने सोडवून परत पाण्यात सोडायचा, हा माझा छंद. ती मालवणची. "आमच्याकडे मासा घरात आला की आधी तांदळाचं पीठ काढतात," ती काठावरून ओरडायची. "तू नुसता छळायला पकडतोस होय रे त्याला?" मग एकटीच वाळक्या कुरणातून हिंडून यायची. ल्युपिन नावाच्या रानफुलाची वाळलेली शेंग फोडून दाखवायची, "बघ, आपल्या हरभऱ्याच्याच घरातली." मी हं म्हणायचो. दोरीवरून नजर हलवली की मासा जातो.

तिने कधी तक्रार केली नाही. तक्रार नाही म्हणजे सुखात आहे, असं मी धरून चाललो. सोयीचं होतं ते.

दोन वर्षांपूर्वी ती एकटीच दूर, विमानाने चार तासांवरच्या नेपरव्हिलला राहायला गेली. लोकांना मी सांगतो, जॉबमुळे. खरं असं आहे, की ती ऑफर माझ्यासमोर धरून तिने "काय करू?" असं विचारलं होतं, आणि मी म्हणालो होतो, "तुझं तू बघ." मोठेपणाने म्हणालो असं तेव्हा वाटलं. आता वाटतं, तिला एवढंच ऐकायचं होतं की नको जाऊस.

यंदा मी जुलैचं परमिट काढलं. दोघांचं, तिला न विचारता. अस्वलांना उघडता येऊ नये म्हणून सगळं खाणं ज्या जाड प्लॅस्टिकच्या डब्यात कोंबावं लागतं, तो खाली काढला आणि जमतं का ते पाहायला भरायला घेतला. दशम्या, चटणी, उपम्याचं कोरडं मिश्रण. दोघांचं घातलं तर झाकण बसेना. हॉलमध्ये फतकल मारून मी ते झाकण दाबत बसलो होतो, आणि मला चक्क बरं वाटत होतं.

रविवारी सकाळी फोन केला.

"जुलैत?" ती म्हणाली. मागे भांड्यांचा आवाज चालू होता, तो थांबला. "तेव्हा पाणी केवढं असेल! तुझ्या माशांचं काय?"

"माशांसाठी नाही जायचं. ऐक ना, इतकी वर्षं मी तुला खोटं सांगत होतो. फुलं कधी असतात ते मला माहीत होतं."

"मलाही."

"म्हणजे?"

"अरे, एम.एस्सी. बॉटनी आहे मी! शेंग बघून फूल कधी येऊन गेलं ते कळत नाही होय मला? पहिल्याच वर्षी कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू म्हणशील कधीतरी, म्हणून थांबले. मग थांबायची सवय झाली. मग तीही गेली."

रागाने म्हणाली असती तर सोपं गेलं असतं. ती हवामान सांगावं तशी सांगत होती.

"येशील?"

"खरं सांग. मी यायला हवीय, की तुला मोकळं व्हायचंय?"

ओठांवर उत्तर तयार होतं. ते दिलं नाही. "आत्तापर्यंत वाटत होतं, तू यायला हवीस," मी म्हणालो. "तू विचारलंस आणि आता माझी मलाच खात्री नाही."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी ऐकलं ते हसणं. "मी नाही येत रे. आणि राग बिग काही नाहीये, समजलं? राग असता तर आले असते, भांडायला." मग म्हणाली, "तू मात्र जा. गळ घरी ठेव, नाहीतर पाण्याकडेच बघत बसशील."

फोन ठेवल्यावर परमिटमधलं एक नाव काढलं. त्या वाटेवर रोज मोजक्याच लोकांना सोडतात, त्यामुळे सुटलेली जागा साइटवर परत दिसायला लागते. मी पान उघडं ठेवून चहा करायला गेलो. येऊन पाहिलं तर ती कुणीतरी घेतली होती.