गुळवेलीचं कडू कुठं गेलं

धामणगाव बढ्याच्या जडीबुटीवाल्या अत्तार चाचांवर अन्याय झाला. दसऱ्यानंतरच्या पहिल्याच बाजारात, भर सकाळी, त्यांच्याच दुकानाच्या पायरीवर. अन्याय केला मी.

नागपूरला कॉलेजात रसायन शिकून मी सुटीत घरी आले होते. ट्रंकेत आयोडिनची बाटली आणि स्वतः लिहून छापून घेतलेली पत्रकं होती: ‘औषधातली भेसळ ओळखा! आयोडिननं निळं झालं की पीठ समजा!’ दवाखान्यात क्विनिन मिळत नव्हतं, त्यामुळे तापावर सगळा गाव चाचांकडचं गुळवेलीचं सत्त्व नेत होता. मी चिमूटभर जिभेवर ठेवलं. गुळवेल एवढी कडू आणि हे जवळजवळ बेचव! वर थेंब टाकला, तर निळंशार.

“पीठ विकता?” मी ओरडले. झालं! लोकांनी तिथल्या तिथं पुड्या परत फेकल्या. कोणी ठग म्हणालं, कोणी आणखी काही.

चाचा शांतपणे म्हणाले, “बापापासून हे दुकान हाय. तू सोताच्या हातानं सत्त्व काढ, माह्यासमोर. माही चोरी निघाली तर पुढच्या बाजाराले कुलूप लावतो.”

मी म्हटलं, काढते की! लबाडीला जागा नको म्हणून कडुलिंबावर चढलेली वेल मीच तोडली. चाचांच्या अंगणात कांडं ठेचली, पाण्यात भिजत घातली, सकाळी कुस्करून फडक्यातून गाळली. तळाशी पांढरा थर बसला. वरचं पाणी मी मोरीत ओतणार, तेवढ्यात चाचींनी मनगट धरलं.

“काऊन फेकतं वं? तापाचं पाणी हाय ते. गरिबाले आम्ही फुकट देतो.” त्यांनी ते मडक्यात भरून ठेवलं.

थर पुन्हा पुन्हा धुतला, वाळवला. माझ्या हातचं, माझ्या वेलीचं सत्त्व. आयोडिनचा थेंब टाकला.

निळंशार!

चाची हसत सुटल्या. “पाहा, पोरीनं बी भेसळ केली!”

“छाप पत्रक,” चाचा म्हणाले. “यावेळी सोताचं नाव टाक.”

मी तशीच उकिडवी बसून राहिले. सत्त्व म्हणजे वेलीतलं पीठच. ते निळं होणारच! दोन वर्षं शिकून एवढं सुचलं नव्हतं मला. “मग कडू कुठं गेलं?” मी विचारलं.

चाचींनी मडक्याकडे बोट दाखवलं. मी घोटभर प्याले आणि माझं तोंड पाहून हसता हसता चाचांचा चष्मा नाकावरून खाली आला.

आता मात्र मला राहवेना. शाळेच्या सायन्स मास्तरांकडून स्पिरिट आणि ॲसिड मागून आणलं. मडक्यातलं कडू पाणी आटवून काकवीसारखं केलं, स्पिरिटमध्ये खलून गाळलं, ॲसिडचे थेंब घातले आणि बशी माठाशेजारी गारव्याला ठेवली. तिसऱ्या दिवशी बशीत पिवळ्याधमक, केसाहून बारीक सुया! चाची म्हणाल्या, “या अल्ला, हे तर जरीवानी दिसून राह्यलं.”

पिवळं आणि कडू म्हटल्यावर चाचांनी बरणीतून दारुहळद काढली. “हिच्यातबी असंच असते. पाहा.” तिच्याही सुया काढल्या. मग विहिरीत टाकतात ती ब्लिचिंग पावडर आणली. दोन वाट्यांत दोन द्रावणं, ॲसिड घातलेली, वर पावडरीची चिमूट. दोन्ही वाट्या रक्तासारख्या लाल! आम्ही तिघं असे ओरडलो की शेजारीण भिंतीवरून डोकावली. दोन झाडांत एकच कडू. मास्तर म्हणाले, बर्बेरीन. चाचा म्हणाले, “नाव तुम्ही ठेवा, वळख आमची जुनीच हाय.”

निळ्या थेंबाचा आणि लाल वाट्यांचा हा प्रयोग मी पुढच्या बाजारी त्याच पायरीवर करून दाखवला. दुकानाला कुलूप लागलं नाही. लोक पाहून गेले, माना डोलावून गेले. पण पुडी मागायला मोजकेच आले. म्हणून हे नवं पत्रक, तुमच्यासाठी. लाजता? मी तर सगळ्या बाजारासमोर चूक कबूल केली, तुम्हाला काय झालं?

उद्या पुन्हा बाजार आहे. ज्यानं ज्यानं पुडी परत फेकली त्यानं उद्या चाचांच्या दुकानी जावं आणि ज्या पायरीवर त्यांना ठग म्हटलं, त्याच पायरीवर उभं राहून पुडी मागावी. मोठ्यानं मागा. ठग म्हणताना आवाज केवढा होता, आठवतंय ना?