प्राची बंड करत नव्हती!

आमची प्राची सोळा वर्षांची झाली तरी बंड करत नव्हती, म्हणून मी काळजीत पडले.

सगळा दोष कादंबऱ्यांचा. मारेगावच्या वाचनालयातून मी वयात येणाऱ्या मुलींवरच्या अकरा कादंबऱ्या आणल्या. (आणल्या प्राचीसाठी, वाचल्या मीच!) अकराही नायिका दारं आपटत, आईशी भांडत आणि एके दिवशी केस कापून टाकत. की लगेच त्यांना ‘स्वतःची ओळख’ सापडे! आमची बाई मात्र कॉलेजातून आली की मुकाट्यानं मेथी निवडायला बसे. हिला ओळख सापडणार कधी?

मी तिला स्वतंत्र खोली द्यायचं ठरवलं. त्या खोलीत भरून ठेवलेला शेतातला कापूस ओढून बैठकीत रचला. तिचे बाबा छतापर्यंतचा ढीग बघून ओरडले, “आता मी का कापसावर बसून टीव्ही पाहू?”

“पोरगी वयात आली,” मी म्हटलं. “प्राची, दार आपटत जा जरा!”

“काहून वो आई?”

“वय हाये तुयं!”

तिनं माझ्या समाधानासाठी दार हळूच लोटलं. “इतकं पुरे?”

अस्सा संताप आला! दुसऱ्या दिवशी तिला थेट पार्लरमध्ये नेलं. कमरेखाली रुळणारी वेणी होती पोरीची.

“कापायची ना?” मी खुर्चीत बसवतानाच म्हटलं.

“तू म्हणतं तं कापू.”

पार्लरवाल्या ताईंनी दोनदा विचारलं, “पक्कं ना वो?” दोन्ही वेळा “हाव, कापा!” मीच म्हटलं. वेणी खाली पडली तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. (खरंच वाजवल्या हो!)

घरी आल्यावर प्राची आरशासमोर ढसाढसा रडली.

“बारावी झाल्यावर यवतमाळले जाऊन मीच कापणार होती! कोणालेच न विचारता. दोन वर्षांपासून ठरवलं होतं मी!”

“मंग बोलली काहून नाही?”

“तू विचारलं कुठं? तू तं सांगूनच राह्यली होती!”

ती खोलीत गेली आणि तिनं आतून कडी लावली. “चुकलं वं बाई मायं,” मी बाहेरून म्हणत राहिले. केस काय, वाढतीलच. पण पोरीचा तो दिवस मी परस्पर वापरून टाकला, आणि त्याचं फार वाईट वाटतं.

तशा त्या अकराही कादंबऱ्यांत आया होत्या. त्यांना मेलं काहीच कळत नाही म्हणून त्यांची पानं मी न वाचताच उलटली होती!