न विचारलेली टेकडी

रियाधच्या मलाझ भागातल्या त्या छोट्या बागेला दोन फाटकं आहेत. दोन्ही दिवसभर सताड उघडी असतात. तरी गुरुनाथराव पोतनीस रोज संध्याकाळी पुढच्या फाटकापाशी थांबतात आणि रखवालदाराला विचारतात, "खुर्शीदभाई, अंदर जाऊँ?"

खुर्शीद गेली सहा वर्षं एकच उत्तर देतो. "बाबूजी, बाग आपही का है."

मग गुरुनाथराव मान तुकवून आत शिरतात. बागेच्या मधोमध माती ओतून, वर हिरवळ लावून केलेला एक उंचवटा आहे. दोन माणसं एकावर एक उभी केली तर वरच्याची टोपी पलीकडून दिसावी, एवढीच त्याची उंची. त्यावर गुरुनाथराव सात वेळा चढतात आणि सात वेळा उतरतात. रियाधमध्ये मेट्रो आली, रस्त्याखालून रस्ते गेले, पण यांचं चढणं-उतरणं चालूच.

पाण्याच्या पंपांच्या कंपनीत सव्वीस वर्षं काढलेला हा माणूस. कामात चोख, पण परवानगीचा भारी सोस. लिफ्टमध्ये आधी कुणी असेल तर "येऊ का?" विचारणार. रांगेत पुढचा माणूस मोबाइलमध्ये गुंग असेल तर त्यालाच विचारणार, "तुमचा नंबर आला, सांगू का?" दुसऱ्या मजल्यावरचे राजाभाऊ बँकेत आहेत आणि सगळ्यांना सल्ले देतात. त्यांचं म्हणणं, राहायला इकाम्याचा परवाना आणि नोकरीला कफीलची, म्हणजे जामीन राहणाऱ्या मालकाची, मर्जी लागते अशा राज्यात इतकी वर्षं काढली की माणूस असाच होतो. गुरुनाथरावांच्या पत्नी हेमलतावहिनी मात्र हे मानत नाहीत.

"उगीच सौदीवर आळ घेऊ नका," त्या म्हणतात. "मांडवात अंतरपाट बाजूला झाला, अख्खा गाव अक्षता टाकून मोकळा झाला, आणि हे हळूच मला विचारतात, हार घालू का?"

या माणसाच्या आयुष्यात अभिमानाची म्हणावी अशी गोष्ट एकच, ती म्हणजे टेकडी. बागेतली नव्हे, इंग्लंडातली. सौदीला येण्याआधी पुण्याच्या कंपनीनं त्यांना दोन वर्षांसाठी तिकडे पाठवलं होतं, हिअरफोर्डशायरमधल्या विकल्टन नावाच्या खेड्यातल्या एका कारखान्यात. वय अठ्ठावीस, लग्न झालेलं नाही, इंग्रजी पुस्तकी, आणि गावात ओळखीचं कुत्रंही नाही. कुत्री होती, पण ती भुंकायची. गावामागे एक टेकडी होती. तिकडे अशा लहानग्या टेकडीला टंप म्हणतात. पुण्याच्या माणसाला सकाळी टेकडीवर गेल्याशिवाय दिवस सुरू झालासा वाटत नाही. हे रोज पहाटे तिथे जाऊ लागले.

त्या टेकडीचं वर्णन मलाझमधल्या प्रत्येक मराठी घरानं किमान चारदा ऐकलेलं आहे. आधी सफरचंदांची बाग. मग एका वेळी एकच माणूस मावेल असं फिरतं फाटक. मग मेंढ्यांचं कुरण, त्यात चिचुंद्रीसारख्या कुठल्याशा प्राण्यानं उकरलेले मातीचे ढीग. शेवटी चढ. वर वाऱ्यानं एका अंगाला वाकलेली सहा काटेरी झाडं, आणि तिथून दिसणारे चार गावांच्या चर्चचे मनोरे. न थांबता चढलं तर सात मिनिटं. राजाभाऊंनी एकदा विचारलं होतं, "सात मिनिटांच्या टेकडीचं वर्णन चाळीस मिनिटं कसं पुरतं हो?" त्यावर गुरुनाथराव रागावले नाहीत. म्हणाले, "अजून उतरायचं राहिलंय."

तर त्या टेकडीच्या गावाहून गेल्या वर्षी एक ईमेल आली. धाडणारी ब्रेंडा हॉकिन्स. त्या दोन वर्षांत गुरुनाथराव हिच्याच घरी भाड्यानं राहत होते. आता तिचं वय एक्याऐंशी. नाताळचं कार्ड चुकवत नाही, पण ईमेल पहिलीच. टेकडीचं शेत विकलं गेलंय, नव्या मालकानं फिरत्या फाटकाला कुलूप घातलंय आणि ही वाट सार्वजनिक नाही असं त्याचं म्हणणं आहे, असं तिनं लिहिलं होतं. गावानं कौन्सिलकडे दावा लावायचं ठरवलं होतं. त्या वाटेनं पूर्वी चालणाऱ्यांची लेखी साक्ष हवी होती. जुने चालणारे बहुतेक देवाघरी गेले होते, उरलेल्यांना काल काय जेवलो ते आठवत नव्हतं. "तू रोज जायचास," तिनं लिहिलं होतं, "आणि माझ्या नवऱ्याची, लेनची, रक्षा त्या काटेरी झाडांखाली आहे. मला तिथे जायला कुलूप ओलांडावं लागू नये."

गुरुनाथरावांनी ती ईमेल हेमलतावहिनींना वाचून दाखवली, मुलगी इराला दाखवली आणि राजाभाऊंकडे घेऊन गेले. सव्वीस वर्षांत त्यांच्या टेकडीला प्रथमच कुणीतरी गंभीरपणे घेतलं होतं.

ईमेलसोबत आलेल्या साक्षीच्या फॉर्मवर एक प्रश्न होता: या वाटेनं जाण्यासाठी मालकाची परवानगी घेतली होती का?

"घेतली होती ना?" राजाभाऊ म्हणाले.

"आठवत नाही. घेतली असेल."

"असेल काय? तुम्ही न विचारता कुणाच्या शेतात पाय टाकाल? लिहा, मालकांच्या कृपापूर्वक परवानगीनं. कागद कसा भारदस्त झाला पाहिजे. उद्या कुणी म्हणायला नको, हा घुसखोर होता."

गुरुनाथरावांना ते पटलं. त्यांनी तसंच लिहिलं. सोबत इकाम्याच्या दोन्ही बाजूंची प्रत, पासपोर्टची प्रत, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे दोन फोटो आणि सदर इसम आमच्याकडे नोकरीस आहे, असं कंपनीचं शिक्क्याचं पत्र जोडलं. ते पाहून विकल्टनच्या लोकांना साक्षीदार मिळाला की नोकरीचा अर्ज आला, असा प्रश्न पडला असणार.

शुक्रवारी दुपारी ब्रेंडाबाईंचा फोन आला. इरानं तो स्पीकरवर टाकला.

"गुरुनाथ, मिस्टर प्रॉसरनं खरंच तुला परवानगी दिली होती?"

प्रॉसर म्हणजे तेव्हाचा शेतमालक. गुरुनाथराव खुर्चीत सावरून बसले. "हो. म्हणजे असणारच."

मग बाईंनी समजावून सांगितलं. तिकडचा कायदा असा, की लोक वीस वर्षं एखाद्या वाटेनं उघडपणे आणि कुणालाही न विचारता चालत राहिले, तर ती वाट सगळ्यांची होते. विचारून चालले, तर ती मालकाची मेहेरबानी ठरते, आणि मेहेरबानी मालक बदलला की संपते. नव्या मालकाचा वकील गुरुनाथचा कागद सगळ्यात वर ठेवेल.

"मग मी ते खोडतो," गुरुनाथराव घाईनं म्हणाले.

"नको," बाई म्हणाल्या. "विचारलं असशील तर तसंच राहू दे. मग तुझा कागद आम्ही देणार नाही. पण त्या दोन वर्षांसाठी मग मी एकटीच उरते. जे घडलं तेच लिही. पुढच्या शुक्रवारपर्यंत."

फोन बंद झाला. इरा म्हणाली, "सो, इफ यू वेअर पोलाइट, दे लूज?"

"असंच दिसतंय," हेमलतावहिनी म्हणाल्या. "आणि तुझे बाबा न विचारता दोन वर्षं दुसऱ्याच्या रानात हिंडले, असं मला कुणी शपथेवर सांगितलं तरी पटायचं नाही."

गुरुनाथरावांना स्वतःलाही पटत नव्हतं. तीच तर पंचाईत. त्यांनी आयुष्यभर सगळ्यांना विचारलं होतं. प्रॉसरलाच तेवढं विचारलं नसेल, हे कसं मानायचं? त्या संध्याकाळी ते बागेत गेले नाहीत. खुर्शीदनं फाटकातून दोनदा रस्त्याकडे मान काढून पाहिलं.

राजाभाऊ चहाला आले, त्यांनी तोडगा काढला. "अठ्ठावीस वर्षांपूर्वी काय झालं ते कोण बघायला आलंय? लिहा, विचारलं नव्हतं. खलास."

"तुम्हीच लिहायला लावलंत, विचारलं होतं म्हणून," हेमलतावहिनी म्हणाल्या.

"तेव्हा गरज तशी होती, वहिनी. आता गरज बदलली."

"मला नाही जमणार," गुरुनाथराव म्हणाले. "ठाऊक नसताना हो लिहिलं, तेवढं पुरे झालं." आणि थोड्या वेळानं, कुणी विचारलं नसताना, "माझी डायरी असेल. तेव्हा रोज लिहायचो."

डायरी कपाटावरच्या निळ्या सूटकेसमध्ये निघाली. वही पुण्याची, शाई निळी, अक्षर मुंग्यांनी शर्यत लावल्यासारखं. गुरुनाथरावांनी ती उघडली आणि लगेच मिटली. "मी नाही वाचत. काय निघेल सांगता येत नाही." मग ठरलं असं, की हेमलतावहिनी मोठ्यानं वाचतील आणि इरा लॅपटॉपवर इंग्रजी करील. इराला मराठी वाचताना घाम फुटतो, पण ऐकून सगळं कळतं, विशेषतः जे तिच्यासाठी नसतं ते.

पहिल्या महिन्यात काहीच नव्हतं. बटाट्याचे प्रकार, पाऊस, आईची आठवण. मग ऑक्टोबर.

"आज टेकडीवर गेलो," वहिनी वाचू लागल्या. "फाटक उघडं होतं. कुणाची जागा आहे कळेना. उद्या मालकाला विचारलं पाहिजे."

गुरुनाथरावांनी डोळे मिटले. "संपलं."

"थांबा हो. अजून उद्या यायचाय." वहिनींनी पान उलटलं. "विचारण्यासाठी मालकाच्या घरापर्यंत गेलो. वाक्य पाठ केलं होतं. कुत्रा भुंकला. परत आलो."

इरा टाइप करता करता थांबली. "बाबा, दॅट्स सो यू."

"पुढे वाच," गुरुनाथराव म्हणाले. पण वाचत वहिनी होत्या, हे त्यांच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

"मालक वाटेत भेटला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तोच म्हणाला, मॉर्निंग, वारा आहे आज. आणि गेला. विचारायचं राहिलं. उद्या नक्की." पुढचं पान. "उद्या नक्की." त्यापुढचं. "आज चार मनोरे दिसले. विचारायचं राहिलं." नोव्हेंबरभर असंच राहिलेलं होतं. डिसेंबरात विचारण्याचा उल्लेखच थांबला. नुसतंच येऊ लागलं, टेकडीवर गेलो. बर्फ होतं. टेकडीवर गेलो. मेंढी व्याली.

तीन संध्याकाळी हे वाचन चाललं. प्रत्येक वेळी प्रॉसरचं नाव आलं की गुरुनाथराव खुर्चीचा हात घट्ट धरायचे, आणि प्रत्येक वेळी प्रॉसर हवापाण्याचं काहीतरी बोलून निघून जायचा. राजाभाऊ पहिले दोन्ही दिवस नुसते येऊन बसले, तिसऱ्या दिवशी स्वतःच शेवयांची खीर घेऊन आले. त्या मुंगीच्या अक्षरात एकट्या राहणाऱ्या मुलाचं पुष्कळ काही होतं. पूर्ण आठवड्यात घरमालकीण आणि टेकडीवरचा मालक यांच्याखेरीज कुणाशी न बोलल्याचंही होतं. ते वाचताना वहिनींचा आवाज मध्येच बारीक झाला. सव्वीस वर्षांच्या संसारात चाळीस मिनिटांच्या त्या वर्णनात हे कधी आलं नव्हतं.

शेवटचं पान सप्टेंबरातलं, निघण्याच्या आदल्या दिवसाचं.

"मिस्टर प्रॉसरना निरोप द्यायला गेलो," वहिनींनी वाचलं. "आज कुत्र्याला घाबरलो नाही. म्हटलं, दोन वर्षं तुमच्या टेकडीवर न विचारता फिरलो, क्षमा असावी. ते हसले. म्हणाले, त्यात विचारायचं काय? वाट आहे ती."

राजाभाऊंनी खिरीचा चमचा वाटीत ठेवला.

"म्हणजे मालकच सांगतोय," इरा चक्क मराठीत म्हणाली, "की वाट सगळ्यांची आहे."

नवी साक्ष तिनंच लिहिली. जुना फॉर्म फाडावा, असा राजाभाऊंचा शेवटचा सल्ला होता. गुरुनाथरावांनी तो मानला नाही. आपण आधी चुकीचं लिहिलं होतं आणि का लिहिलं, हेही त्यात घालायला लावलं. का, या प्रश्नावर बराच वेळ अडलं. अखेर इरानं लिहिलं, की माझ्या वडिलांना परवानगी नसलेला माणूस वाईट वाटतो, आणि त्यांना वाईट दिसायचं नव्हतं. गुरुनाथरावांनी ते वाचून सही केली. इकाम्याची प्रत जोडू का, असं विचारलं. दोघी एकदमच नको म्हणाल्या.

कौन्सिलला ठरवायला चौदा महिने लागले. गेल्या महिन्यात ब्रेंडाबाईंनी फोटो पाठवला. फिरतं फाटक, कुलूप काढलेलं, नवी पाटी लावलेली, आणि फाटकात काठी टेकून उभी एक लहानशी म्हातारी. मागे टेकडी. राजाभाऊंनी फोटो मोठा करून पाहिला. "एवढीच?" म्हणाले, पण हळू आवाजात.

खाली बाईंनी लिहिलं होतं, की वर जायला त्यांना पाऊण तास लागला. लेनला तुझा नमस्कार सांगितलाय. निकालपत्रात तुझी डायरी दोनदा आली आहे.

त्या संध्याकाळी गुरुनाथराव फोन खिशात घालून बागेकडे निघाले. फाटकाशी पोचले आणि न थांबता सरळ आत गेले. खुर्शीद खुर्चीतून उठला, चार पावलं मागे आला.

"बाबूजी, तबियत तो ठीक है?"

"ठीक है," मागे न पाहता ते म्हणाले आणि उंचवटा चढू लागले. सात वेळा चढले, सात वेळा उतरले. आठव्यांदाही चढले, कारण कुणाला विचारायचं नव्हतं.

बाहेर पडताना मात्र पाय फाटकापाशी रेंगाळले. खुर्शीद त्यांच्याकडेच बघत होता.

"खुर्शीदभाई," ते म्हणाले, "वो, मैं अंदर गया था. आपको बता दिया."