जपून ठेवलेले स्टँड

आमच्या ताईचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, विमा कंपनीतून निवृत्त झाले, तेव्हा जिन्यांवरून पडणाऱ्या तमाम जनतेने सुटकेचा निःश्वास सोडला असेल. दावे तपासणं हे त्यांचं काम. माणूस पडला तर त्याने कठडा का धरला नव्हता, आणि कठड्यासकट पडला तर तो का धरला होता, असं दोन्हीकडून विचारायची त्यांची हातोटी होती. निवृत्तीनंतर तपासायला कुणी उरलं नाही, म्हणून ते आपल्या जुन्या गाडीकडे वळले. ती बिचारी उलट बोलत नव्हती.

गाडीचं तेल यापुढे घरीच बदलायचं, असं त्यांनी जाहीर केलं. त्यासाठी जॅक हवा. बाकीचे लोक दुकानात जाऊन जॅक आणतात. भावोजींनी दुकानदाराची उलटतपासणी घेतली. गाडीचं वजन किती, जॅक पेलतो किती, आपल्या गाडीखाली शिरण्याइतका बुटका आहे का, दांडा सोडल्यावर हळू उतरतो की धाडकन? दुकानदार शेवटी म्हणाला, "साहेब, जॅक घेताय की जावई शोधताय?"

मग उचललेली गाडी तोलून धरायला स्टँडची जोडी आली. लालभडक, जाड लोखंडाची, दात्यांवर अडकून बसणारी, वर आणखी खीळ घालायची सोय. त्यानंतर त्या घरात चहा प्यायला गेलेला एकही माणूस प्रवचन ऐकल्याशिवाय परतला नाही. "जॅक उचलण्यासाठी, स्टँड पेलण्यासाठी. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाणारा मूर्ख! जमीन सपाट आणि टणक हवी, खाली राहिलेल्या चाकांना अडण लावायची, जॅक ठरलेल्या जागीच टेकवायचा. स्टँडवर गाडी उतरवली की बाहेरून एकदा जोरात हलवून बघायची, मगच आत जायचं." सगळं बरोबर होतं, हाच तर वैताग. माणूस चुकीचं बोलला तर निदान भांडता तरी येतं.

आता त्या घराची रीत सांगते. तिथे चांगली वस्तू वापरत नाहीत. सोफ्याचं प्लास्टिक निघालेलं मी पाहिलेलं नाही. चांगले कप कपाटात आणि कान तुटलेले ओठाला. ताईचं लग्न झालं तेव्हा तीही या रीतीला नाकं मुरडायची. आता तिच्या अंगवळणी पडलंय. तेव्हा स्टँडचं काय झालं असेल ते ओळखा. ते प्लास्टिकसकट कपाटावर चढले. पाहुणे आले की खाली यायचे, पुसले जायचे, दाते दाखवायचे आणि पुन्हा वर जायचे.

आणि गाडी? ती कुंपणाची भिंत बांधून उरलेल्या सिमेंटच्या पोकळ ब्लॉकवर उभी राहायची.

"अहो, त्या स्टँडचं काय?" ताईने एकदा विचारलं होतं.

"रंग खरवडेल. पाच मिनिटांच्या कामाला कशाला?"

परवा सकाळी मी गेले, तेव्हा अंगणात हेच पाच मिनिटांचं काम चालू होतं. गाडीचं तोंड वर, दोन्ही बाजूंना ब्लॉक, जॅक बाजूला काढून ठेवलेला. भावोजी गाडीच्या कडेला आडवे पडले होते. सगळं अंग बाहेर आणि एक हात तेवढा आत. मला ते त्यांचं कसब वाटलं. तेवढ्यात, जुनं तेल काढल्यावर परत बसवायचा बोल्ट हातातून सुटला आणि घरंगळत पार मधे गेला. काठीने ओढायला गेले, तर तो आणखी आत सरकला.

"अगं ए, इकडे ये जरा," त्यांनी ताईला हाक मारली. "तू बारीक आहेस. आत शिर आणि तेवढा बोल्ट दे."

ताईने पदर खोचला, पोतं अंथरलं आणि पाठीवर पडून सरकत गेली. कधी नाही म्हणालीये ती? डोकं, खांदे दिसेनासे झाले. बाहेर नुसती पावलं उरली, जुन्या चपलांतली.

"भावोजी, तुम्ही का नाही जात?"

"वेडी आहेस का तू?" ते माझ्यावरच खेकसले. "त्या ब्लॉकचा काय भरवसा?"

पावलं हलायची थांबली. मग ताई सावकाश सरकत बाहेर आली. बोल्ट तिच्या हातात नव्हता.

"काय म्हणालात?"

"म्हणजे... माझं पोट अडकलं असतं. धक्का बसला असता ना गाडीला."

ताई तडक उठली. घरात गेली, स्टूल ओढल्याचा आवाज आला. बाहेर आली ती दोन्ही हातांत दोन स्टँड घेऊन. प्लास्टिक तिने दातांनी फाडलं आणि ते त्यांच्या पुढ्यात ठेवले.

"लावा."

भावोजींनी निमूट लावले. आणि कबूल करते, झकास लावले. मागच्या चाकांना अडणी, गाडी पुन्हा उचलली, दोन्ही स्टँड एका उंचीवर, खिळी घातल्या. पण स्टँड बसवण्याआधी, गाडी जॅकवर असताना, डावीकडचा ब्लॉक ओढून काढायला गेले, तर अर्धा हातात आला आणि अर्धा तिथेच राहिला. चीर वरपासून खालपर्यंत गेली होती.

आम्ही तिघंही त्या तुकड्याकडे बघत राहिलो. आता हा माणूस माफी मागेल असं मला वाटलं. कसली माफी!

"बघ," ते ताईला म्हणाले, "मी म्हणत होतोच, ब्लॉकवर विश्वास ठेवू नये."

"हो," ताई म्हणाली. "मी आत गेल्यावर म्हणालात."

ती पायरीवर जाऊन बसली. भावोजींनी गाडी एकदा हलवून पाहिली, पुन्हा हलवून पाहिली, आणि पोटावर सरपटत बोल्ट आणायला स्वतःच आत शिरले.