चौथं बटण, नऊ वाजता

माझा मामा एकतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपघरात कामाला होता. भिंतीवर सात तबकड्या होत्या. दर तासाला प्रत्येकीचा काटा बघायचा आणि आकडा वहीत लिहायचा. काटा दोन आकड्यांच्या मध्ये अडकला तर मामा डोळे बारीक करून मिनिटभर बघत राही, पण अंदाजाने कधी काही लिहीत नसे. पंपांच्या घरघरीने त्याचे कान हळूहळू जात होते, त्याची नोंद मात्र कुणी कुठे केली नाही.

त्याआधी तो ऑर्केस्ट्रात होता. हे सांगितलं की लोक हसतात, कारण मामाकडे बघून त्याने कधी शीळही घातली असेल असं वाटत नाही. पण तो सिंथेसायझर वाजवायचा, आणि तोही जुन्या पद्धतीचा, अॅनालॉग. आजच्यासारखी एक कळ दाबली की शंभर तयार आवाज, असला लाडावलेला प्रकार नव्हे. त्यावर फिरवायची अठरा बटणं होती. ती थोडी थोडी फिरवून प्रत्येक आवाज आपण घडवायचा. यंत्राच्या लक्षात काही राहायचं नाही. दुसऱ्या गाण्यासाठी बटणं हलवली की आधीचा आवाज गेला.

म्हणून मामाने एक वही केली होती. बटणावरची पांढरी रेघ म्हणजे घड्याळाचा काटा धरायचा आणि लिहायचं: पहिलं दोन वाजता, दुसरं बारा वाजता, तिसरं पाच वाजता. अकरा वर्षांपूर्वी मामी गेली, तेव्हा आवराआवर करताना ही वही माझ्या आईच्या हाती लागली. एका पानावर वर फक्त ‘तिचं’ असं लिहिलं होतं आणि खाली घड्याळाच्या अठरा वेळा. आईचा चेहरा उतरला. ती म्हणाली, “दादा, वहिनीला दिवसाला अठरा गोळ्या होत्या? आम्हाला बोलला नाहीस कधी.”

मामा त्या दिवसांत पहिल्यांदा हसला, आणि हसता हसता त्याला रडू फुटलं. मग त्याने सांगितलं.

मामी त्याच ऑर्केस्ट्रात गायची. सलग कार्यक्रम असले की तिचा गळा बसायचा. गाणं सुरू होण्याआधी ती तोंड मिटून गुणगुणायची, ते तर त्या दिवशी जमतच नसे. तेव्हा मामाने खटपट करून यंत्रावर तिच्या गुणगुणण्याचा आवाज बनवला. तो तिच्या आवाजाखाली अलगद लावून ठेवायचा, म्हणजे तिचा आवाज चिरकला तरी लोकांना कळू नये. ऑर्केस्ट्रा बंद पडला, मालकाने दिव्यांबरोबर ते यंत्रही विकून टाकलं. मामीच्या गाण्याच्या दोन कॅसेट घरात आहेत, पण त्यात ती मोठ्याने गाते. स्वयंपाकघरातलं गुणगुणणं कोण रेकॉर्ड करतं? ते आता फक्त त्या पानावर होतं.

तसली जुनी यंत्रं आता शौकिनांकडे असतात आणि त्यांच्या किमती ऐकून माणसाने खाली बसावं. त्यामुळे ज्या दिवशी मी फोनवर वाचलं, की एक कंपनी हुबेहूब तेच यंत्र नव्याने काढते आहे आणि तेही आमच्या फ्रिजपेक्षा स्वस्त, त्या दिवशी मी शाळेतून थेट मामाकडे गेले. त्याने चष्मा पुसून तो फोटो पाहिला. बटणं मोजली. अठरा भरली तेव्हा म्हणाला, “नाव नोंदव.”

नाव नोंदवलं, आणि मग सुरू झालं ‘लवकरच’. कंपनीच्या पानावर तोच एक शब्द होता. उन्हाळ्यात येणार होतं ते हिवाळ्यावर गेलं. सुटे भाग मिळत नाहीत म्हणून पुन्हा पुढे गेलं. मामाचा जुना तबलजी दोस्त, ज्याला सगळे ठोक्या म्हणतात, तोही वाट बघणाऱ्यांत सामील झाला. त्याला त्याच कंपनीचं ड्रम मशीन हवं होतं. ऑर्केस्ट्राच्या मालकाने शेवटच्या वर्षांत तबला काढून त्याच्या हाती तसलाच रिदमचा डबा दिला, तेव्हा त्या डब्याला ठोक्याकाकांनी मनसोक्त शिव्या दिल्या होत्या. आता रोज फोन करून विचारत, “पोरी, माझा डबा कुठवर आला?” आमच्या घरात तर तो शब्दच रुळला. आईने चहा मागितला की मी ‘लवकरच’ म्हणायचे आणि तिची बोलणी खायचे.

पण मस्करी माझी होती, मामाची नव्हती. कानाच्या डॉक्टरांनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं, की वर्षभरात ऐकणं आणखी उतरेल. यंत्र आधी येतं की कान आधी जातात, एवढाच प्रश्न होता. मी कंपनीला तीन कडक पत्रं लिहिली. तिन्हींना एकच उत्तर आलं, आणि त्यात काय होतं ते सांगायला नको.

नाव नोंदवल्याला दीड वर्ष झालं तेव्हा खोका आला. मामाने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. यंत्र टेबलावर ठेवून चालू केलं आणि हात मांडीवर ठेवून बसला.

“वाजव ना,” मी म्हटलं.

“तापू दे. थंड यंत्र सुरात नसतं.”

अर्ध्या तासाने त्याने वही उघडली. पंपघरात बघायचा तसा डोळे बारीक करून एकेक बटण लावलं. अठरावं लागल्यावर एक सूर दाबला.

दबलेला, घुसमटलेला आवाज आला. माणसाचा म्हणावा असा तो नव्हताच. मामाने माझ्याकडे पाहिलं. त्याचे कान धड नव्हते, म्हणून तो माझ्या चेहऱ्यावर वाचत होता, आणि मला खोटं हसता आलं नाही.

“अजून तापलं नसेल,” तो म्हणाला.

आम्ही आणखी एक तास बसलो. मग मी म्हटलं, “मामा, थोडी बटणं हलवून बघ की.”

“कुठलं हलवू? अठरा आहेत. आणि ऐकू कशाने? माझे कान आता खोटं बोलतात. वही खोटं बोलत नाही.” त्याने सूर सोडला. “यंत्रच वेगळं असेल. किंवा मलाच ते तिच्यासारखं वाटायचं.”

हे शेवटचं वाक्य मला सहन झालं नाही. त्या यंत्राचा मला इतका राग आला, की ते उचलून परत खोक्यात कोंबावंसं वाटलं. दहा दिवस मामाने त्यावरचं फडकं काढलं नाही.

अकराव्या दिवशी दुपारी ठोक्याकाका आले. त्यांचं ड्रम मशीन अजून ‘लवकरच’ होतं, म्हणून निदान दुसऱ्याचं बघायला. मीही मामाकडेच होते आणि आई आत भांडी लावत होती. काकांनी फडकं काढलं, सूर दाबायला लावला, मान वाकडी करून ऐकलं.

“हे तर पांघरूण घेऊन गातंय,” ते म्हणाले. मग वहीतल्या पानावरून बोट फिरवत चौथ्या बटणावर थांबले. “हे नऊला ठेवलंस. आणि ते तर वाकडं होतं.”

“काय वाकडं?”

“ऑर्केस्ट्रात ते यंत्र नवं आलं त्या दिवशी गाडीतून उतरवताना या बटणाची वरची टोपी निघाली होती. तू स्टेजवर वायरी जोडत होतास. वहिनींनी बसवली. सैल होती म्हणून आत नेलपॉलिश घालून चिकटवली. मी म्हटलं, वहिनी, तिरकी बसलीय. तर म्हणाल्या, यांना सांगू नका, नाहीतर कार्यक्रम सोडून ती सरळ करत बसतील.”

मामाने चौथ्या बटणावरची पांढरी रेघ निरखून पाहिली. मग म्हणाला, “पूर्ण मागे फिरवलं की बाकी सगळ्यांची रेघ सातवर यायची आणि याची एकट्याची पाचवर. मला वाटायचं कंपनीचीच खोड आहे.”

त्याने डाव्या हाताने सूर दाबून धरला आणि उजव्याने चौथं बटण हळूहळू फिरवायला घेतलं. साडेनऊ. दहा. आवाज उजळत गेला. अकराला पोचला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, पण मी बोलायच्या आतच भांड्यांचा आवाज थांबला. आई ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. चौथ्या बटणाचं बोलणं तिने ऐकलंच नव्हतं.

“वहिनीसारखं कोण गुणगुणतंय?” तिने विचारलं.

मामाला ते ऐकू गेलं की नाही, मला माहीत नाही. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. बोट त्याने सुरावरून उचललं नाही.

बऱ्याच वेळाने मी डोळे पुसून पेन्सिल घेतली, वहीत नऊ खोडून अकरा करायला. मामाने पानावर हात ठेवला.

“वही बरोबर आहे,” तो म्हणाला.

त्याने नखाने चौथ्या बटणाची टोपी उपसली. आतला दांडा जागचा हलू न देता ती पुन्हा बसवली, तिरकी, पांढरी रेघ बरोबर नऊवर. हलवून पाहिली. थोडी सैल होती.

“तुझ्याकडे नेलपॉलिश असेल ना?” त्याने मला विचारलं.