कार्डकाकू पास झाल्या

आमच्या गल्लीत त्यांना सगळे कार्डकाकू म्हणतात. नवऱ्यामागे बारा वर्षं दारूचं दुकान एकटीने चालवणारी ही बाई स्वतः थेंबाला शिवलेली नाही, आणि वयाचं कार्ड पाहिल्याशिवाय कुणाला बाटली देत नाही. मी शेजारचा चष्म्यांचा दुकानदार, पार टक्कल पडलेला, तरी माझ्याकडेही मागतात. "काकू, डोक्याकडे बघा की!" म्हटलं, तर म्हणतात, "सरकारला डोकं चालत नाही, कार्ड लागतं."

कारण सरकार दुकानदारांची परीक्षा घ्यायला मुलं पाठवतं. एकवीसच्या आतलं पोर येतं, स्वतःचं खरं कार्ड दाखवतं, बाटली मागतं. दिली, की परवाना गेला. नाही दिली, की पाच मिनिटांत कोपऱ्यावरच्या गाडीतून साहेब येतात आणि शाबासकीच्या कागदावर सही घेतात. मागच्या गल्लीतलं दुकान असंच एका दुपारीत बसलं. तेव्हापासून कोवळा चेहरा दिसला, की काकू धास्तावतात.

परवा दुपारी मी त्यांच्याकडे प्यायचं पाणी घ्यायला गेलो, तर काउंटरशी सोळाएक वर्षांची मुलगी उभी. "बाबांसाठी हवीय," म्हणत तिने शाळेचं कार्ड पुढे केलं.

काकू ठणकावून बोलल्या, "नाही मिळणार. जा, साहेबांना सांग, काकू पास झाल्या!"

मुलीने गोंधळून कार्ड मागे घेतलं. मग गेली.

"काय नाटक करतात हो पोरं!" काकू हसल्या आणि सहीसाठी पेन काढून बसल्या.

पाच मिनिटं झाली, पंधरा झाली. साहेब येईनात. काकू दारात गेल्या. कोपऱ्यावर गाडीच नव्हती. मुलगी मात्र समोरच्या फुटपाथवर भिंतीला चिकटून उभी होती. तिला सरकारने पाठवलंच नव्हतं, हे कळून काकू घाबरल्या. मलाही भीती वाटली, आणि लाजही.

आम्ही रस्ता ओलांडला. "घरी का जात नाहीस गं?"

"रिकाम्या हाताने गेले तर बाबा..." तिने बाही खाली ओढली. मग हळूच म्हणाली, "काकू, दुकान बंद होतं असं तुम्ही येऊन सांगाल?"

दुकान वेळेआधी बंद केलं, तर परवान्यावर शेरा बसतो. त्या धाकाने काकूंनी बारा वर्षांत एकदाही तसं केलं नव्हतं. त्या परत आल्या आणि भर दुपारी शटर खाली ओढलं. किल्ली काही कुलपात जाईना. शेवटी मी लावली.

"चल," त्या मुलीला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तुम्हीपण या हो. मला एकटीला भीती वाटते."